पुजारी आधी, देव मागून

नवा देव कल्पिणे फारसे अवघड नाही. एक नाव हवे, एखादे वाहन हवे, हातात शस्त्र हवे आणि स्वभावात थोडा राग हवा. एवढ्या भांडवलावर एका संध्याकाळी देव उभा राहतो. पण नवा धर्म कल्पायला बसा, म्हणजे पंचाईत सुरू होते. त्या देवाच्या देवळात झाडलोट कोण करणार? दिव्याच्या तेलाचे पैसे कोण देणार? उंबऱ्याच्या आत कुणाला घ्यायचे आणि कुणाला नाही, हे कोण ठरवणार? आणि ज्याच्या नवसाला देव पावला नाही, त्याला काय सांगून घरी पाठवायचे? देव गप्प राहू शकतो. धर्माला मात्र उत्तरे द्यावी लागतात.

हा सारा खटाटोप आज जगात हजारो माणसे हौसेने करतात, आणि तीही एका खेळासाठी. १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा ह्या लहानशा गावाहून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते दोघे : गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. सूत्रधार सांगतो, ‘समोर बंद दार आहे.’ खेळाडू म्हणतो, ‘मी ते ढकलतो.’ दार उघडते की नाही, हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. हरणे-जिंकणे असे त्यात फारसे नसतेच. सगळ्यांनी मिळून एक कथा रचायची, आणि ती कथा कधीकधी वर्षानुवर्षे चालते.

सूत्रधाराला त्यासाठी एक सबंध जग उभारावे लागते. नद्या, डोंगर, राजे, बाजारभाव, आणि धर्मसुद्धा. आपल्याकडची मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात, तेव्हा तटबंदी झाली, मावळे उभे राहिले, की कुणीतरी आठवणीने एक देऊळही ठेवतो. त्या देवळातला देव मुलांना घरातूनच मिळालेला असतो. काल्पनिक जगाच्या सूत्रधाराजवळ तो नसतो. त्याला सारेच नव्याने रचावे लागते, आणि रचता रचता धर्म ही वस्तू कशाची बनलेली असते, ते त्याला कळू लागते.

ह्या खेळाच्या जन्मकथेतच एक मौज आहे. आर्नेसन आपल्या मित्रांसह मिनेसोटात जो पहिला खेळ खेळत असे, त्यात एका खेळाडूने रक्त पिणाऱ्या पिशाचाची भूमिका घेतली, आणि ते पिशाच कुणाला आवरेना. त्याला अडवायला कुणीतरी हवे, म्हणून पिशाचांना पिटाळून लावणारा पुजारी निर्माण झाला. १९७४ च्या छापील नियमांत योद्धा आणि जादूगार ह्यांच्या बरोबरीने तो पुजारीही आला. त्याने धारदार शस्त्र धरायचे नाही, असा नियम आला. मोठ्या पदाला पोचल्यावर त्याने गढी बांधली, तर वरून मदत मिळून खर्चाच्या दुप्पट किमतीची वास्तू उभी राहील, असाही नियम आला. भाविक शिपाई त्याच्याकडे बिनपगारी राहतील, आणि मुलखातल्या दर माणसामागे वर्षाला २० सुवर्णमुद्रा त्याला मिळतील, इतका तपशील ठरला. फक्त हा पुजारी कोणत्या देवाचा, तेवढे मात्र त्या तीन पुस्तिकांत कुठेच नव्हते! देवांची पुस्तिका निघाली ती १९७६ साली. पुजारी, त्याचे सैन्य आणि त्याचा वसूल ही सारी मंडळी आधी आली. देव दोन वर्षांनी मागून आला.

हे वाचून एखादा बुद्धिवादी टाळी वाजवील आणि म्हणेल, ‘खऱ्या जगातही असेच झाले!’ मला ते इतके सोपे वाटत नाही. कारण त्या कथेत पुजाऱ्याच्याही आधी कुणीतरी आहे. पिशाच आहे. आधी भय, मग भयातून सोडवणारा, मग त्याची व्यवस्था, आणि सर्वांत शेवटी नाव. शिवाय त्याच नियमांत आणखी एक लहानसे कलम होते : अगदी पहिल्या पायरीवरच्या पुजाऱ्याला एकही मंत्र मिळत नाही. त्याने आधी रिकाम्या हातांनी सेवा करायची. शक्ती मिळालीच तर दुसऱ्या पायरीवर. नियम करणाऱ्यांना बहुधा खेळाचा तोल साधायचा असेल. पण काही न मिळता जो टिकतो तोच पुजारी, हे धर्माचे मर्म त्यात नकळत उतरले. वसुलाचे कलम आणि सेवेचे कलम एकाच पुस्तिकेत शेजारी शेजारी राहिले. खऱ्या धर्मांतही ती तशीच शेजारी राहत आली आहेत.

पुढे १९८० साली देवदेवतांचा मोठा ग्रंथच निघाला. त्यात ग्रीक देव होते, इजिप्तचे होते, आणि आपले इंद्र, अग्नी, कालीही होते. प्रत्येकाच्या नावापुढे आकडे : ह्याचे बळ किती, चिलखत किती, किती घाव बसले म्हणजे हा पडेल. आपल्या देवांपुढे असे आकडे पाहून कुणाला राग आला, तर तो मी समजू शकतो. तथापि माझी तक्रार निराळी आहे. आकडे घातल्याने देवाचा अपमान होतो की नाही, हे देव पाहून घेईल. पण तो देव राहत नाही, हे निश्चित. ज्याचे बळ मोजता येते, तो फार तर मोठा पहिलवान होतो. त्याला आपण भिऊ, त्याची मर्जी सांभाळू, पण त्याच्यापुढे हात जोडून आपले मन मोकळे करणार नाही.

येथे खरी अडचण दिसू लागते. अशा जगात देव आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. पुजारी प्रार्थना करतो आणि मंत्राची शक्ती हाती येते. तो वाट चुकला, तर ती काढून घेतली जाते. खोटा पुजारी तेथे दुपारपर्यंतही टिकायचा नाही. वरवर पाहता किती सुखाचा कारभार! पण ह्याला श्रद्धा म्हणायचे कसे? पोस्टात ठेव ठेवली आणि ठरल्या दिवशी व्याज मिळाले, म्हणून कुणी पोस्टमास्तरांची आरती करीत नाही. जेथे शंकेला जागाच नाही, तेथे विश्वासाला तरी काय काम?

ह्या अडचणीतून वाट काढणारेही निघाले. ग्रेग स्टॅफर्ड ह्या लेखकाने १९६६ पासून ‘ग्लोरान्था’ नावाचे एक जग मनाशी जपले होते. १९७९ साली त्याचे आणि स्टीव्ह पेरिनचे ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ हे पुस्तक निघाले. त्यात एक फिरता व्यापारी प्रवास करतो आणि निरनिराळ्या पंथांच्या लोकांना भेटतो. प्रत्येक पंथाबद्दल तेथे जे विचारले आहे, ते एखाद्या चांगल्या शिक्षकाने विचारावे तसे आहे : त्याची कथा कोणती? समाजाला तो अजून का हवा आहे? त्यात शिरायला काय करावे लागते? माणूस त्याला काय देतो, आणि त्याच्याकडून काय घेतो? त्यात रोग्यांची सेवा करणाऱ्या एका देवीचा पंथ आहे. तिच्या उपासकांनी कुणालाही इजा करायची नाही, असे व्रत आहे. सगळा खेळ तलवारींचा, आणि त्यात एक खेळाडू असे व्रत घेऊन बसतो! लढाई सुरू झाली म्हणजे इतरांना प्रश्न पडतो शत्रूला मारायचे कसे. त्याला पडतो व्रत पाळायचे कसे. धर्म म्हणजे काय, हे त्या घटकेला त्याला कुठल्याही प्रवचनापेक्षा अधिक समजत असेल.

२००४ साली आलेल्या ‘एबेरॉन’ ह्या जगाच्या कर्त्याने, कीथ बेकरने, आणखी पुढचे पाऊल टाकले. त्याच्या जगात देव भूमीवर वावरत नाहीत. ते आहेत की नाहीत, हे कुणी सिद्ध करू शकत नाही. पुजाऱ्याला शक्ती मिळते. पण ती देवाकडून येते की त्याच्या स्वतःच्या श्रद्धेतून, हे उकलत नाही. आणि मुख्य म्हणजे, भ्रष्ट पुजाऱ्याची शक्ती आपोआप जात नाही. तेथल्या एका थोर पंथाने दुष्ट शक्तींपासून लोकांचे रक्षण केले, आणि त्याच पंथाने एका काळी रूप पालटणाऱ्या नरपशूंचा संहार करताना निरपराधांचेही बळी घेतले. म्हणजे आता त्या जगात खोटे बोलता येते, फसवता येते, चुकता येते. आणि म्हणूनच तेथे प्रामाणिक पुजाऱ्याला मोल आले. चोरी अशक्य असलेल्या गावात सचोटी ओळखायची कशी?

कादंबरी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ह्यातून एक धडा मिळतो. काल्पनिक धर्म रचताना दोन आळस फार सोपे असतात. एक म्हणजे सारे पुजारी लुच्चे आणि सारे भक्त भोळे करून टाकणे; दुसरा म्हणजे सारेच संत करणे. दोन्हींत माणूस निसटतो. ज्याला असा धर्म रचायचा आहे, त्याने राजपुरोहितापासून आरंभ करू नये. ज्या बाईचे मूल तापाने फणफणले आहे, तिच्यापासून करावा. ती त्या देवळाच्या पायरीवर का आली? तिला तेथे काय मिळाले? काही मिळाले नाही, तरी ती पुन्हा का आली? ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्याला सुचेल, त्याचा धर्म उभा राहील. मग देवाचे वाहन कोणते, हे मागाहून ठरवले तरी चालते.

अशा खेळाने मुले बिघडतील, अशी भीती अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात फार पसरली होती. इतकी, की १९८९ च्या आवृत्तीत प्रकाशकांनी भुताखेतांची जुनी नावे काढून नवी घातली. पालक म्हणून ती धास्ती मला कळते. परंतु ज्या मुलाने स्वतः एकदा धर्म रचून पाहिला, त्याचा घरचा देव सुटेल असे मला वाटत नाही. उलट शेजाऱ्याच्या देवळाकडे तो थोड्या समजुतीने पाहील, आणि देवाच्या नावाने हिशेब मागणाऱ्याकडे थोड्या सावधपणाने. दोन्ही गोष्टी आजच्या दिवसांत उपयोगाच्याच आहेत.

एक उणीव मात्र कुठल्याही सूत्रधाराला भरून काढता येणार नाही. ह्या खेळातल्या वरच्या पायरीवरच्या पुजाऱ्याला मेलेले माणूस उठवता येते. तेथे मरणाचा धाक ओसरतो, आणि मरणाचा धाक ओसरला की धर्माचा सर्वांत जुना प्रश्नही बोथट होतो. खऱ्या घरात गेलेले माणूस परत येत नाही. तेरावा होतो, पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि भिंतीवर एक तसबीर वाढते. त्या तसबिरीपुढे रोज उदबत्ती लावणाऱ्या हाताला उत्तर मिळालेले नसते. तरीही तो हात उद्या पुन्हा उदबत्ती लावतो. हे कुठल्याही फाशाला सांगता येणार नाही, आणि कुठल्याही नियमांच्या पुस्तकात बसवता येणार नाही. कल्पनेतला धर्म रचणाऱ्याने एवढे ओळखले, तरी त्याचा खेळ वाया गेला नाही, असे मी म्हणेन.