उद्यापन राहून गेलं

शंका : सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या, मार्गशीर्षातले गुरुवार असं सगळं मी करते. सोळा सोमवार मुलाच्या नोकरीसाठी धरले होते. त्याला नोकरी लागली, लग्न झालं, तरी सोमवार चालूच आहेत. शिवाय शाळा, सासूबाईंचं दुखणं आणि भजनी मंडळाचं खजिनदारपद. हल्ली मधुमेहाच्या गोळ्याही सुरू झाल्यात. एखादं व्रत बंद केलं तर दोष लागेल का?
— एक शिक्षिका, वाई

समाधान : ताई, सोमवारांपुरतं बोलायचं तर दोषाचा प्रश्नच येत नाही. ते तुमचे केव्हाच पुरे झाले, राहिलंय ते उद्यापन. सोळा सोमवारांचं उद्यापन सतराव्याला असतं. मंगळागौर लग्नानंतर पाच वर्षं. चातुर्मासातला नेम कार्तिकीला सुटतो, मार्गशीर्षातलं व्रत शेवटच्या गुरुवारी. आपल्याकडच्या काम्य व्रतांना अशी मुदत मुद्दामच आहे. देवाकडे मागितलं, मिळालं, मेहूण जेवू घातलं, झालं. येत्या श्रावणातला एखादा सोमवार धरा आणि उरकून घ्या.

एकादशी निराळी. ती नित्य मानलेली, तिला उद्यापनाची घाई नाही. पण तिथेही शास्त्र तुमच्याइतकं कडक नाही! व्रत ज्यांनी मोडत नाही अशा आठ गोष्टी धर्मग्रंथांत सांगितल्या आहेत. पाणी, कंदमुळं, फळं, दूध यांच्याबरोबर त्यात औषध आहे आणि गुरूची आज्ञाही आहे. गोळी घेऊन पोट रिकामं ठेवणं धोक्याचं, आणि साबुदाण्याची खिचडी साखर वाढवणारी. तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. ते 'उपास नको' म्हणाले तर मुकाट्याने भाकरी खा. ज्याला झेपत नाही त्याच्याऐवजी घरातल्या दुसऱ्याने व्रत करावं, अशीही सोय आहे. नवऱ्याने बायकोसाठी केलेलं चालतं. यजमानांना विचारून तर पाहा.

गीतेच्या सहाव्या अध्यायात योग कुणाला साधत नाही ते सांगितलंय. अति खाणाऱ्याला नाही, तसाच अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. झोपेचंही तेच. दिवसभर वर्ग, डोक्यात भगरीचं आधण, आणि संध्याकाळी सासूबाईंनी दुसऱ्यांदा पाणी मागितलं की आवाज चढतो. तुम्ही हे लिहिलेलं नाही, पण अशी घरं मी पाहिली आहेत. तो उपास कुणाच्या खात्यावर जमा होत असेल? सासूबाईंचं दुखणं कुठल्या तिथीला संपेल ते आपल्या हाती नाही. म्हणून जे हाती आहे ते आधी आवरायचं.

खजिनदारपदाला मात्र शास्त्राधार शोधत बसू नका. पुढच्या बैठकीत हिशेबाची वही, पावतीपुस्तक आणि पासबुक पुढ्यात ठेवा, शिल्लक वाचून दाखवा आणि दुसरीचं नाव सुचवा. 'तुमच्याशिवाय कोण करणार' असं कुणीतरी म्हणेलच. त्यावर नुसतं हसायचं. भजनाला जात राहा.