नांदणे आणि नांदवणे : परीकथेच्या नगरीतील सुखाचा प्रश्न

परीकथेतील सर्वांत कमी वाचले गेलेले वाक्य म्हणजे तिचे शेवटचे वाक्य असावे. राक्षस मारला जातो, शाप उतरतो, अर्धे राज्य आणि राजकन्या मिळते आणि मग सारी मंडळी सुखाने नांदू लागतात. या वाक्यापाशी निवेदकाचा अधिकार संपतो. व्लादिमीर प्रॉपने १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांतील पात्रांच्या कार्यांची जी मांडणी केली, तीत विवाह आणि राज्यारोहण हे एकतिसावे, म्हणजे अखेरचे कार्य आहे. त्यापुढे कार्य नाही, कारण त्यापुढे कथा नाही. आपल्याकडील व्रतकहाण्यांत नगर आरंभीच येते. ते 'आटपाट' असते. ते कोणी वसवले, त्यातील विहिरी कोणी खोदल्या, हे कहाणी विचारीत नाही. एका परंपरेत सुख शेवटी अध्याहृत राहते, दुसरीत नगर आरंभी गृहीत धरले जाते. नगर वसवणे आणि त्यातील माणसांना सुखी ठेवणे, हे दोन्ही व्यवहार कथेच्या चौकटीबाहेर राहतात.

गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झालेला संगणकीय खेळांचा एक प्रकार नेमका या चौकटीबाहेरच्या प्रदेशात शिरलेला दिसतो. निवांत, ऊबदार, कोणत्याही ताणाविना खेळावयाचे असे त्याचे वर्णन केले जाते. 'फेबलडम' हा त्यातील एक लक्षणीय नमुना. ग्रेनाआ गेम्सने तो २०२३ मध्ये अपूर्णावस्थेत खेळाडूंच्या हाती दिला आणि २०२४ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. या खेळात आपल्याला एक लहानसा भूभाग मिळतो. त्यावर घरे बांधावयाची, शेती करावयाची, लाकूड आणि दगड गोळा करावयाचा, हिवाळ्याची तरतूद करावयाची. 'फेबलिंग' नावाचे रहिवासी येऊन तेथे वसतात. वस्ती वाढते तसतसे नागरिकांचे नवे वर्ग, नव्या इमारती आणि नवे प्रदेश खुले होतात. भोवती चेटकिणी, राक्षसकाय माणसे, उडणारी डुकरे असे परीकथेचे सारे गणगोत असते. शेजारच्या राज्यांशी व्यापार करता येतो, आणि तेथील एखाद्या राजपुत्राशी वा राजकन्येशी अनुनयाने प्रीती जुळवून आपला 'सुखान्त' गाठता येतो.

अशा खेळाचा विचार समीक्षेने का करावा, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, येथे एका वाङ्मयप्रकाराचे दुसऱ्या चिन्हव्यवस्थेत स्थलांतर झाले आहे, आणि या स्थलांतरात एक नैतिक प्रश्न उघडा पडला आहे. कथेत जे विधान होते, ते खेळात काम झाले आहे. कथेत सुख सांगितले जाते. खेळात ते निर्माण करावे लागते, मोजावे लागते, टिकवावे लागते. मग ज्यांच्यासाठी ते निर्माण करावयाचे, त्यांचे त्या सुखाशी नाते काय?

मराठी भाषेने या प्रश्नासाठी एक सूक्ष्म साधन आपल्या हाती दिले आहे. 'नांदणे' या क्रियापदाचे नाते आनंदवाचक 'नन्द्' या धातूशी सांगितले जाते. केवळ राहणे म्हणजे नांदणे नव्हे. दुसऱ्यांच्या सहवासात, रुसव्याफुगव्यांसह, पण आपलेपणाने राहणे म्हणजे नांदणे. या क्रियेचा कर्ता स्वतः नांदणाराच असतो. मात्र याच क्रियापदाचे 'नांदवणे' हे प्रयोजक रूपही आपल्या व्यवहारात आहे, आणि ते आपण बहुधा एकाच संदर्भात ऐकतो : 'नवरा तिला नांदवत नाही.' नांदणारी एक, नांदवणारा दुसरा. एका प्रत्ययासरशी सुखाचे कर्तृत्व एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते आणि जिच्या सुखाविषयी बोलले जात आहे, ती वाक्यातले कर्म होऊन बसते.

हा केवळ व्याकरणाचा खेळ नाही. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी मुंबईत रखमाबाईंवर दावा लावला, तो त्यांनी आपल्याकडे नांदावयास यावे म्हणून. बालपणी झालेल्या आणि आपली संमती नसलेल्या विवाहाने आपल्यावर सहवासाचे बंधन येत नाही, ही रखमाबाईंची भूमिका होती. १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगण्याचा आदेश दिला. त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी तडजोड होऊन प्रकरण मिटले. या वादात निवारा, अन्न, वस्त्र यांची उणीव हा मूळ प्रश्न नव्हता. कोणी कितीही चांगले नांदवले तरी नांदावयाचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न होता. नांदणे आणि नांदवणे यांतील अंतर या एका नकाराने कायमचे स्पष्ट केले आहे.

आता 'फेबलडम'कडे पुन्हा पाहिले, तर त्याची मूळ संरचना 'नांदवण्या'ची आहे हे ध्यानात येते. खेळणारा वरून पाहतो. छपरे, शेते, पायवाटा आणि त्यांवरून लगबगीने जाणाऱ्या इवल्या आकृती त्याला एका दृष्टिक्षेपात दिसतात. त्यांना तो दिसत नाही. त्यांच्या गरजा त्याला कळतात, कारण त्या गरजा पुरवठ्याच्या भाषेत मांडलेल्या असतात : अन्न, ऊब, घर, परिसराची शोभा. ती पूर्ण झाली की सुख वाढते, न झाली की घटते. येथे असुखाचा अर्थ एकच, पुरवठ्यातील उणीव. रहिवाशांच्या नाराजीला आकडा आहे, वाक्य नाही. नगररचनेच्या या खेळांत असंतुष्ट रहिवासी वस्ती सोडून जाणे हा सर्वपरिचित संकेत आहे. परंतु ते जाणेदेखील नकार म्हणून वाचले जात नाही, आपल्या व्यवस्थेतील त्रुटीची सूचना म्हणून वाचले जाते. गरज आणि मत यांतील भेद या जगात उद्भवतच नाही.

हा दोष एका खेळाचा नव्हे. तो या प्रकाराच्या वंशावळीतच आहे. नगररचनेच्या खेळांचा आदिग्रंथ ठरलेला विल राइट यांचा 'सिमसिटी' १९८९ मध्ये आला. त्यामागे जे फॉरेस्टर यांच्या १९६९ च्या 'अर्बन डायनॅमिक्स' या पुस्तकाची प्रेरणा होती. शहर म्हणजे परस्परांवर परिणाम करणाऱ्या राशींचे गणित, अशी फॉरेस्टर यांची धारणा. आणि या गणितातून त्यांनी काढलेला एक निष्कर्ष असा की, गरिबांसाठी स्वस्त घरे बांधण्याने शहराची अवनती वाढते, तेव्हा जुन्या वस्त्या पाडून उद्योगांना जागा करून देणे इष्ट. त्या वस्त्यांत नांदणाऱ्यांचे या निष्कर्षावर काय म्हणणे आहे, हे विचारावयास गणितात जागा नव्हती. प्रारूप कोणतेही असो, काय मोजावयाचे हे ठरविताना कोणाला ऐकावयाचे हेही ठरून जाते. 'फेबलडम'ने या गणितातील कठोरता काढून टाकली, धूर आणि वाहनांची कोंडी काढून टाकली. पण वरून पाहणारा डोळा तसाच ठेवला. त्या डोळ्यात आता जिव्हाळा आला, इतकेच.

राइट यांनी ज्या दुसऱ्या प्रेरणेचा उल्लेख केला आहे, ती स्तानिस्लाव लेम यांच्या १९६५ च्या 'सायबेरियाड'मधील एक कथा होय. ट्रुर्ल हा यंत्रनिर्माता एका पदच्युत जुलमी राजाच्या समाधानासाठी पेटीत मावणारे एक राज्य तयार करून देतो. त्याचा मित्र क्लापाउशियस त्याला हटकतो : वेदनेची हुबेहूब प्रतिकृती म्हणजे वेदनाच नव्हे काय? लेम यांचा प्रश्न दुःखाचा आहे आणि तो जुलमी राजासंबंधी आहे. आपल्यापुढील प्रश्न त्याच्या उलट्या बाजूचा आहे. फेबलिंगांना जाणीव नाही, त्यांना दुखत नाही, हे मान्य करून टाकू. पेटीतील राज्याचा राजा जुलमी नसून प्रेमळ असेल, त्याला आपल्या प्रजेने हसतखेळत राहावे असेच वाटत असेल, तर त्याच्या सुखात आक्षेपार्ह असे काही उरते काय?

येथे एक प्रतिवाद गांभीर्याने घ्यावयास हवा. दिवसभर दुसऱ्यांच्या आज्ञेत राबणारा, आपल्या गल्लीतील तुंबलेल्या गटाराबाबतही ज्याचा शब्द चालत नाही असा माणूस रात्री दोन घटका एक सुंदर गाव वसवतो. त्याला सत्तेची हाव नसते. आपल्या हातून काही नीट व्हावे, कोणाचे तरी भले व्हावे, इतकीच त्याची आस असते. जे. आर. आर. टोल्किन यांनी परीकथांवरील १९३९ च्या व्याख्यानात कैद्याची सुटका आणि पळपुट्याचे पलायन यांत भेद केला होता. कैद्याने भिंतींपलीकडच्या गोष्टींचा विचार केला म्हणून त्याला दोष देता येत नाही. हा युक्तिवाद मला मान्य आहे. ऊबेची इच्छा हलकी नाही, आणि तिची टर उडविणारी समीक्षा बहुधा स्वतः ऊबेत बसलेली असते.

परंतु या युक्तिवादाने प्रश्न संपत नाही, तो अधिक नेमका होतो. टोल्किन यांना अभिप्रेत असलेल्या परीकथेतील दिलासा दुःखाच्या संभवातून येतो. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या खंडात हेन्सेल आणि ग्रेटेल यांना रानात सोडून देण्याचा घाट उपासमारीपायी त्यांच्या आईनेच घातला होता. पुढे १८४० च्या आवृत्तीत आईची सावत्र आई झाली. परीकथा मऊ करण्याची ही प्रक्रिया फार जुनी आहे. तरीही त्या कथेत मुले स्वतः खडे वेचतात, स्वतः वाट शोधतात आणि चेटकिणीला फसवितात. त्यांचे सुख त्यांनी मिळविलेले असते. परीकथेचा नायक बहुधा धाकटा, दुबळा, दुर्लक्षित असतो. वाचक त्याच्या बाजूने, खालून वर पाहतो. खेळाने परीकथेची वेशभूषा घेतली आणि दृष्टिकोन मात्र राजाचा घेतला. सुखाच्या शेवटच्या वाक्यात शिरताना त्याने कर्ता बदलला.

भातुकलीशी तुलना केल्यास हा मुद्दा उघड होईल. भातुकलीतही संसार आहे, लुटुपुटूचा स्वयंपाक आहे, बाहुलाबाहुलीचे लग्न आहे. पण तेथे विहीण रुसते, वरपक्ष अडून बसतो आणि कोणत्याही क्षणी कोणी तरी 'मी नाही खेळत जा' म्हणून उठून जाऊ शकते. खेळ चालू ठेवावयाचा तर त्या उठून गेलेल्या सवंगड्याची समजूत घालावी लागते, स्वतःचा बेत थोडा बदलावा लागतो. भातुकलीतील नैतिक शिक्षण बोळक्यांत नसून या समजूत घालण्यात आहे.

आणि गंमत अशी की, 'फेबलडम'लाही हे ठाऊक आहे. शेजारच्या राज्यातील राजपुत्र वा राजकन्या यांची प्रीती तेथे गृहीत धरता येत नाही. ती हळूहळू संपादन करावी लागते. म्हणजे दुसऱ्याच्या मनाला स्वतंत्र अस्तित्व असते, ही जाणीव या खेळात आहे. फक्त ती समकक्षांपुरती, सिंहासनावर बसलेल्यांपुरती राखीव आहे. राजकन्येला मन आहे, प्रजेला गरजा आहेत. माझ्या मते या संहितेचा सर्वांत बोलका भाग हाच. अनुनय कोणाचा करावयाचा आणि पुरवठा कोणाला करावयाचा, या विभागणीत तिचे सारे मूल्यव्यूह साठवले आहेत.

अर्सुला ली ग्विन यांच्या १९७३ च्या ओमेलासविषयीच्या कथेत एका सुखी नगरीचे सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या यातनेवर उभे असते, आणि ते कळल्यावर काही जण मुकाट्याने नगर सोडून जातात. 'फेबलडम'च्या नगरीखाली असे तळघर नाही. तिच्यातील सुख कोणाच्या यातनेवर उभे नाही, आणि म्हणूनच ते निष्पाप वाटते. मात्र ली ग्विन यांनी जाणाऱ्यांच्या मुक्या पावलांना नैतिक कृतीचा दर्जा दिला; येथे तीच पावले पुरवठ्याच्या हिशेबात जमा होतात. यातनेचा अभाव म्हणजे न्याय, असे समीकरण आपण मनात बांधले, तर जो शासक कोणाला छळत नाही पण कोणाला विचारतही नाही, त्याला नाकारण्याचा आधार आपल्यापाशी उरत नाही. रखमाबाईंच्या नकारालाही मग अर्थ उरणार नाही. त्यांना कशाची कमतरता होती, एवढेच आपण विचारीत राहू.

हे खेळ खेळू नयेत, असा याचा अर्थ नाही. ते वाचावेत, असा आहे. दुसऱ्याच्या सुखाची काळजी घेण्याची इच्छा त्यांत खरी आहे, आणि ती जपण्याजोगी आहे. पण काळजी घेणाऱ्याला ज्या क्षणी 'आम्हांला हे नको' असे ऐकावे लागते, त्या क्षणी त्याची खरी कसोटी सुरू होते. आणि तो क्षण या नगरीत येत नाही. ज्या नगरीतील रहिवाशाला तो उच्चारता येतो, जेथे राजाच्या आवडीचा बगीचा त्याच्या नावडीमुळे अडून राहू शकतो, ती नगरी कदाचित कमी निवांत असेल. परीकथेच्या अखेरच्या वाक्यातील क्रियापद मात्र तेथेच आपल्या मूळ, अप्रयोजक रूपात वापरता येईल.