निराधार कोणास म्हणावे?

अक्कलकुवा तालुक्यातील एका पाड्यावर मिस्सा आटोपून परतत होतो. सत्तरीच्या एका विधवा आजींनी वाटेत थांबवून विचारले, "फादर, दाखल्यावर कमाई कमी लिहिली तर पाप लागेल का?" प्रश्न पापस्वीकाराबाहेरचा होता आणि आजींची संमती आहे, म्हणूनच तो येथे मांडत आहे. सेमिनरीत शिकलेल्या नीतिशास्त्रातून उत्तर मात्र चटकन निघेना.

प्रकरण श्रावणबाळ योजनेचे. वयाची 65 वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असलेल्या वृद्धांना राज्य शासन दरमहा 1,500 रुपये देते. 2023 मध्ये वाढ होण्यापूर्वी ही रक्कम 1,000 होती. आता हिशेब पाहू. 21,000 म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. 2025-26 मध्ये रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला 312 रुपये होती. घरातील एकाच माणसाने 100 दिवस भरले तरी 31,200 रुपये होतात. हमीचे काम पुरते मिळालेल्या घरातील म्हातारी त्या कामामुळेच अपात्र ठरते! आजींचा मुलगा गुजरातेत ऊसतोडीला जातो. त्याच्या कमाईतले आजींच्या ताटात किती पडते, यासाठी अर्जावर रकाना नाही.

पारख करणेच अन्यायाचे, असे मात्र मला म्हणवत नाही. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर झाली आणि त्या कामासाठी सात जण नेमावे लागले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर विधवांच्या यादीसाठी चक्क अटी आहेत: वय साठीच्या पुढचे, सत्कृत्यांची ख्याती, आणि ज्यांना मुले-नातवंडे आहेत त्यांचा भार प्रथम त्यांनीच उचलावा. देणे थोडे आणि मागणारे पुष्कळ असले की यादी येते. याउलट संत योहान क्रिसोस्तोम याने दात्याला बंदराची उपमा दिली. फुटलेल्या गलबतातून आलेल्यांची वर्तणूक बंदर तपासत बसत नाही. दोघांचेही खरे आहे, आणि अडचण तीच आहे. आपल्या धर्मग्रामातसुद्धा मदतीचा विषय निघाला की "ती रविवारी चर्चला येते का?" असे कुणीतरी विचारतेच. तहसील कचेरीत निदान एवढे तरी विचारत नाहीत.

मग आजींना काय सांगावे? संत ऑगस्टीनच्या मते कोणत्याही कारणासाठी खोटे बोलणे पापच. संत थॉमस अक्वायनस आत्यंतिक गरजेत दुसऱ्याचे घेणाऱ्यास चोर म्हणत नाही. पण खोट्याला तोही सूट देत नाही. मात्र कायद्याची अक्षरे त्याच्या हेतूवरच उलटत असतील तेव्हा हेतू पाहावा, याला तो सद्गुण मानतो. हा सद्गुण कुणी आचरावा? मला वाटते, प्रथम मर्यादा ठरवणाऱ्याने. आपण तो अंगठा उठवणाऱ्या म्हातारीवर टाकतो आणि तिच्या सत्यनिष्ठेची परीक्षा घेतो. तीन वेळा जेवणाऱ्या माझ्यासारख्याने तिला ऑगस्टीन ऐकवणे सोपे आहे.

तरीही "कमी लिहा" असे माझ्याने म्हणवले नाही. चौकशी करता कळले की मुलाने दोन वर्षांपूर्वी शेजारीच वेगळे खोपटे घातले आहे, चूलही वेगळी. शिधापत्रिका तेवढी एकत्र. मला हायसे वाटले. खोटे लिहिण्याची गरजच नव्हती; जे घडले आहे तेच कागदावर आणायचे होते. विभक्त शिधापत्रिकेचा अर्ज मी लिहून दिला आणि वाचूनही दाखवला.

आजींनी कागद हातात घेतला, पण अंगठा उठवेनात. मुलगा परतला की पहिली भाकर अजून त्यांच्याच चुलीवरची खातो म्हणे. "फादर, हे खरं आहे ते मला कळतं," त्या म्हणाल्या, "पण तो माझ्यातला नाही असं मीच लिहून दिलं, हे पोराला कसं सांगू?"

अर्ज अजून त्यांच्याच घरी आहे. मुलगा पावसाच्या तोंडावर परतेल, तेव्हा मी पुन्हा त्या पाड्यावर जाणार आहे.