यादीत नाव कुणाचे?

‘हक्क’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे, की तो अरबीतून आला हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. जमिनीचा हक्क, वारसाहक्क, मतदानाचा हक्क अशा रूपांत तो तलाठ्याच्या चावडीपासून न्यायालयापर्यंत सगळीकडे वावरतो. कुरआनात मात्र तो अशाही एका जागी येतो, जिथे आपण दुसऱ्याच शब्दाची अपेक्षा करतो. जारियात आणि मआरिज या दोन सूरांमध्ये नेक माणसांचे वर्णन आहे. त्यांच्या मालमत्तेत याचकाचा आणि वंचिताचा वाटा असतो असे तिथे सांगितले आहे, आणि त्या वाट्यासाठी वापरलेला शब्द ‘हक’ हाच आहे. दान, दया, मेहेरबानी यांपैकी काही नाही. याचा अर्थ आम्ही असा लावतो, की जकात देणारा स्वतःचे काही देतच नाही. दुसऱ्याचे जे त्याच्याकडे राहून गेले, ते तो परत करतो. मग या व्यवहारात मान खाली घालायची ती घेणाऱ्यानेच का?

हा प्रश्न मोहल्ल्यापुरता नाही. श्रीमंत देश, आंतरराष्ट्रीय बँका आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्था गरीब देशांना धरणे, रस्ते, वीजकेंद्रे, दवाखाने यांसाठी मदत आणि कर्जे देतात. या व्यवहाराला ‘विकास सहकार्य’ असे भारदस्त नाव आहे. १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विकासाच्या हक्काचा जाहीरनामा मंजूर केला, तेव्हा १४६ देश बाजूने होते, आठ तटस्थ राहिले आणि विरोधात एकटी अमेरिका होती. पुढे २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी आपापसांत ठरवले, की विकासाच्या प्रत्येक कार्यक्रमात सामान्य माणसाला हक्कधारक मानायचे आणि सरकारांना कर्तव्याने बांधलेले मानायचे. शब्द चांगलेच आहेत. तसे पाहिले तर जकातीबद्दलही चांगल्या शब्दांची आपल्याकडे कधी वाण पडलेली नाही. घोडे अडते ते यादीपाशी.

सरदार सरोवर धरणासाठी १९८५ साली जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. धरण गुजरातेत, पण पाणी चढणार होते ते आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांतही. तिथले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत आले, तिचा बराचसा भाग सरकारी दप्तरात जंगल म्हणून नोंदलेला. साहजिकच कसणारा ‘अतिक्रमक’ ठरला, आणि अतिक्रमकाला जमिनीच्या बदल्यात जमीन कोण देणार? लोक उठले, आंदोलन पेटले, तेव्हा १९९१ मध्ये बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. पुढच्याच वर्षी समितीने अहवाल दिला, की आहे त्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही; बँकेने मागे सरावे. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नको म्हणून कळवले. धरण थांबले नाही. बँक तेवढी बाजूला झाली. परंतु त्याच वर्षी बँकेला स्वतःच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी एक तपासणी मंडळ स्थापन करावे लागले. ते वॉशिंग्टनमध्ये बसते, पण त्याच्या पायाचे दगड मणिबेलीच्या लोकांनी वाहिले आहेत, असे आम्ही अभिमानाने म्हणू.

आता नर्मदेपासून कच्छच्या किनाऱ्यावर जाऊ. कारण तिथली गोष्ट पुन्हा ४५ कोटी डॉलरचीच आहे, आणि या वेळी ज्यांचे नुकसान झाले त्यांत आपले कलमागो बांधव मोठ्या संख्येने आहेत. मुंद्रा तालुक्यातले वाघेर मुसलमान मच्छीमार वर्षातले आठ-नऊ महिने आपली गावे सोडून समुद्रकाठच्या बंदरांवर येऊन राहतात. बंदर म्हणजे धक्के आणि क्रेन असलेले बंदर नव्हे. बारदान आणि काठ्यांच्या झोपड्या, सुकत घातलेली मासळी आणि पाण्याच्या टाक्या. त्यांच्यातले काही ‘पगडिया’, म्हणजे ओहोटीच्या वेळी पायीच चिखलात उतरून जाळे लावणारे. पाऊस आला की झोपड्या मोडून ते गावी परततात. याच किनाऱ्यावर टाटांचे चार हजार मेगावॅटचे कोळशावरचे वीजकेंद्र उभे राहिले. त्यासाठी जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २००८ मध्ये कर्ज मंजूर केले. यंत्रे थंड करून तापलेले पाणी कालव्यातून समुद्रात परत जाऊ लागले. मासळी दूर गेली, अशी मच्छीमारांची तक्रार होती.

कर्ज देताना पर्यावरणाचे आणि माणसांचे रक्षण करण्याच्या अटी कागदावर होत्या. त्या जगातल्या उत्तम अटींपैकी होत्या, असेही म्हणता येईल. तरी २०११ मध्ये मच्छीमारांच्या संघटनेला महामंडळाच्या लोकपालाकडे जावे लागले. २०१३ च्या चौकशीत निघाले ते असे, की प्रकल्पाची आखणी होत असताना या हंगामी रहिवाशांकडे बाधित लोक म्हणून नीट पाहिलेच गेले नव्हते. त्यांच्याशी पुरेशी मसलतही झाली नव्हती. ते तिथे कायमचे राहत नाहीत, वाळू त्यांच्या नावावर नाही, समुद्र तर कुणाच्याच नावावर नाही. अक्राणीचा आदिवासी अतिक्रमक म्हणून यादीबाहेर राहिला, मुंद्र्याचा मच्छीमार पाहुणा म्हणून राहिला. हक्कांचा अध्याय अहवालात होता; ज्याचे हक्क, तो माणूस अहवालात नव्हता.

चौकशी मच्छीमारांच्या बाजूने लागूनही हाती काही पडेना, तेव्हा त्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेत खटला भरला. महामंडळाचे म्हणणे, आम्ही आंतरराष्ट्रीय संस्था आहोत, आमच्यावर खटलाच चालू शकत नाही. खालच्या न्यायालयांनी ते मान्य केले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी ते अमान्य केले. कच्छच्या एका मच्छीमाराचे नाव जगभरच्या कायद्याच्या पुस्तकांत गेले. पण पुढे काय? ज्या कृतीबद्दल तक्रार आहे ती मुख्यतः भारतात घडली, अमेरिकेत नव्हे, असे म्हणून २०२० मध्ये खटला पुन्हा फेटाळला गेला, २०२१ मध्ये अपिलातही तेच झाले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घेण्यास नकार दिला. दार उघडले, उंबरठ्याच्या आत मात्र कुणाला घेतले नाही.

इथे आपल्यातले काही जाणते वाचक म्हणतील, की मानवी हक्कांचा हा सगळा बोलबाला पाश्चात्त्यांचा आहे आणि तो मुसलमान देशांना बडवण्यासाठी आहे. हा संशय हवेतून आलेला नाही. १९९० पासून इराकवर लादलेले निर्बंध सद्दामला फारसे भोवले नाहीत. भोवले ते औषधाला महाग झालेल्या घरांना. हक्कांच्या नावाने मदत रोखली की शिक्षा राज्यकर्त्याला होत नाही, त्याच्या रयतेला होते. आणि तरीही या संशयाच्या आडोशाला आपण फार वेळ उभे राहू शकत नाही. अफगाणिस्तान आपल्याला तिथून हलवते.

ऑगस्ट २०२१ पूर्वी त्या देशाच्या सरकारी खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग परदेशी अनुदानातून भागत असे. तालिबान आले, अनुदान आटले, भूक वाढली. मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये स्वयंसेवी संस्थांत काम करण्यास अफगाण स्त्रियांना मनाई झाली आणि मोठ्या मदतसंस्थांपुढे पेच उभा राहिला. काम थांबवावे तर उपाशी माणूस मरतो. फक्त पुरुषांच्या हातून धान्य वाटावे तर अन्यायाला आपणच मान्यता दिल्यासारखे होते. काही संस्थांनी काम थांबवले आणि आरोग्य व शिक्षण क्षेत्रांत थोडी सवलत मिळताच ते अंशतः सुरू केले. त्यांनी चूक केली असे आम्हाला वाटत नाही. तिथल्या रिवाजात परका पुरुष विधवेच्या घरात जाऊन चौकशी करू शकत नाही. बाई कर्मचारी काढली, की ती विधवा यादीतून आपोआप गळते. म्हणजे हक्क आणि भाकरी हे दोन वेगळे विषय आहेत, आधी भाकरी मग हक्क, असे जे म्हणतात त्यांना तिथली भाकरी तरी नीट वाटता येत नाही. आणि ज्या मजहबाच्या नावाने हे चालले आहे त्याच्या किताबात जकातीच्या आठ हकदारांची यादी सूरह तौबामध्ये आहे. तीत कुठेही पुरुष असण्याची अट नाही.

वॉशिंग्टन आणि काबूलवर बोलणे सोपे आहे. आपल्या गावोगावच्या बैतुलमालांचे आणि जकात कमिट्यांचे काय? यादी ट्रस्टी करतात. बिरादरीतली माणसे आधी लागतात. तलाक झालेली, माहेरी परत आलेली बाई बापाच्या रेशनकार्डावर दाखवलेली असते, म्हणून ती वेगळी गरजू ठरत नाही. उत्तर प्रदेशातून आलेला जरी कामगार ‘बाहेरचा’ असतो, मुंद्र्याच्या मच्छीमारासारखाच. वाटपाच्या दिवशी फोटो निघतो, त्यात किराण्याचे पाकीट आणि घेणारीचा चेहरा दोन्ही स्पष्ट दिसतात. उपकार बोलून दाखवल्याने सदका वाया जातो, हे खुतब्यात आपण ऐकलेले असते. फोटो हेही बोलून दाखवणेच आहे, एवढे कुणी सांगत नाही.

एखाद्या शहराच्या जमातीने येत्या रमजानात इतके करून पाहावे. यादी वाटपाआधी महिनाभर खुली ठेवावी, नावे जाहीर न करता. कुणाला वगळले आणि का, हे विचारणाऱ्याला उत्तर मिळावे. कमिटीत जकात घेणाऱ्यांपैकी दोघे असावेत. फोटो बंद. आणि तक्रार ऐकणारे माणूस कमिटीबाहेरचे असावे, शक्यतो बाई असावी. कारण तक्रार घेऊन येणाऱ्यांत बहुतेक बायाच असतील, आणि त्यांना ट्रस्टींच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जड जाते.