पानावरची मोकळी जागा: जपानी सौंदर्यदृष्टी आणि भिवंडीचा बाजार

संकेतस्थळांच्या रचनेत जपानी सौंदर्यदृष्टीचा विषय निघाला की एक ठरावीक पान डोळ्यांपुढे येते: पांढराशुभ्र पडदा, मधोमध एखादी वस्तू आणि खाली फिकट राखाडी अक्षरांतली एक ओळ. मूळ विचार याहून बराच व्यापक आहे. तत्त्वज्ञ शिनइची हिसामात्सू यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास झेन कलेची सात लक्षणे मांडली. असममिती, साधेपणा, मुरलेला कोरडेपणा, सहजता, सूक्ष्म गहनता, चाकोरीतून सुटका आणि शांतता, अशी ती होत. त्यांच्या जोडीला ‘मा’ ही कल्पना येते. दोन वस्तूंमधले किंवा दोन क्षणांमधले अंतर हाही रचनेचाच भाग असतो, असे ती सांगते.

खुद्द जपानमधली सगळी संकेतस्थळे मोकळी नाहीत. याहू जपानचे मुखपृष्ठ किंवा 1997 साली सुरू झालेली राकुतेन इचिबा ही बाजारपेठ वर्षानुवर्षे माहितीने गच्च भरलेली राहिली. ग्राहकाला घेण्याआधी सगळा तपशील समोर हवा असतो, हे त्याचे एक कारण दिले जाते आणि ते पटण्यासारखे आहे. त्यामुळे जपानी म्हणून केवळ रिकामे पान उचलणे फसवे ठरते. घ्यायची ती अंतर ठरवण्याची शिस्त.

ही शिस्त आपल्याकडे कशी वापरता येईल, हे भिवंडीच्या उदाहरणातून पाहू. ठाणे जिल्ह्यातले हे शहर यंत्रमागांचे आणि गोदामांचे. इथल्या व्यापाऱ्याचे संकेतस्थळ पाहणाऱ्याला सुविचार नको असतो, कापडाची जात हवी असते. मागावरून उतरलेल्या कच्च्या, म्हणजे ग्रे कापडाच्या बाजारात ती आकड्यांत बोलली जाते. ‘60 × 60 / 92 × 88’ या केंब्रिक नावाच्या सुती कापडाच्या ओळखीत पहिले दोन आकडे ताण्याच्या आणि बाण्याच्या सुताचा काउंट, म्हणजे बारीकपणा, सांगतात, पुढचे दोन इंचातल्या उभ्या आणि आडव्या धाग्यांची संख्या, म्हणजे रीड आणि पिक. त्याला पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, जोडली की सौद्याचे बोलणे सुरू होते. ही ओळ परिच्छेदात कोंबली तर हरवते. पडद्यावर तिला वर-खाली मोकळी जागा आणि समान रुंदीचे अंक दिले, पुढच्या जातीचे आकडे तिच्या बरोबर खाली आणले, तर पाच जातींची तुलना एका नजरेत होते. ‘मा’चा सर्वांत उपयुक्त अर्थ इथे लागतो. मागाच्या फणीत दोन काड्यांमधले अंतर कापड विरळ होणार की दाट हे ठरवते. पानावरच्या अंतरालाही तेवढ्याच हिशेबाने हाताळायला हवे.

हा हिशेब लिपीनुसार बदलतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर मराठीला जसेच्या तसे लावले की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला जाऊन भिडतो. भिवंडीत उर्दू वाचणारेही मोठ्या संख्येने आहेत, आणि उर्दूच्या नस्तालीक लेखनशैलीतला शब्द तिरका उतरत जात असल्याने त्याला याहून अधिक उंची लागते. उर्दू पान उजवीकडून डावीकडे वाचले जाते, म्हणून असममित मांडणीचा तोलही तिथे उलटवावा लागतो. आकडे मात्र डावीकडूनच उजवीकडे जातात. परक्या साच्यात दोन्ही लिपी कोंबून वर सजावटीसाठी अर्धा पडदा रिकामा सोडणे, हा मोकळ्या जागेचा अपव्ययच.

जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांनी 1933 साली सावल्यांच्या सौंदर्यावर जो निबंध लिहिला, त्याचा हवाला देत अक्षरे पुसट केली जातात. त्या निबंधातली काळोखी खोली आणि भर उन्हात मालमोटारीजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला मोबाइल यांत काहीच साम्य नाही. संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत सर्वसाधारण मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला उजेडाचा फरक किमान 4.5 : 1 असावा, असे सांगितले आहे. ज्या संयमामुळे माणसाला वाचता येत नाही, त्याला सौंदर्य म्हणता येणार नाही.

मोबाइलसाठी आदर्श शोधायचा तर तो सेन नो रिक्यू यांच्या चहाघरात सापडतो. सोळाव्या शतकातल्या या चहागुरूंनी खोली अवघ्या दोन ताटामी चटयांपर्यंत लहान केली. तिथे गरजेपुरत्याच वस्तू येतात आणि प्रत्येकीची जागा विचारपूर्वक ठरते. सरकत्या जाहिरातपट्ट्या आणि आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती वगळल्या की पान हलके होते आणि रेंज कमी असली तरी लवकर उघडते. पहिल्या पडद्यावर मालाची जात, पन्ना, गाळ्याचा किंवा गोदामाचा पत्ता आणि फोन एवढे आले तरी पुरे. कंपनीचा इतिहास खाली चालतो.

अपूर्णतेचा स्वीकार करणारी ‘वाबी-साबी’ छायाचित्रांना लागू पडते. ग्रे कापड म्हणजे मागावरून उतरलेले, न धुतलेले, न रंगवलेले कापड: छटा पिवळसर, सरकीच्या टरफलांचे बारीक ठिपके, कुठे धागा जाड, कुठे बारीक. संगणकावर उजळून ते दुधासारखे पांढरे दाखवले की खरेदीदाराला मालाचा अंदाजच येत नाही. दिवसाउजेडी, किनार दिसेल असे आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र हवे; त्याला आणखी एक अगदी जवळून घेतलेले जोडावे, ज्यात धागे मोजता येतील.