आजचं चिंतन : ऊर्णनाभी

चतुर्थी जवळ आली की मालवणात घरोघरी माटवीआधी जळमटं काढतात. आज त्या जळमटांच्या मालकाकडे बघूया. मुंडकोपनिषदात सृष्टी कशी झाली हे सांगताना पहिला दृष्टांत त्याचाच आहे: कोळी धागा स्वतःतून काढतो आणि स्वतःतच परत घेतो.

मडक्याला कुंभार वेगळा, माती वेगळी. इथे करणारा आणि कच्चा माल एकच. (आपल्याला दोन ओळींच्या कोडलाही दुसऱ्याची लायब्ररी लागते!)

'परत घेतो' ही नुसती कल्पना नाही. चक्राकार जाळं विणणारे बरेच कोळी जुनं जाळं खरंच खातात, त्यातलं प्रथिन नव्या धाग्यात जातं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत याला गुरू करतो तो याचसाठी. वैशाखात आमची आजी गेली. तेव्हापासून मी 'परत घेतो' पाशी थांबतो. धागा जिथून आला तिथेच गेला.

'संसाराच्या जाळ्यात आपण कोळ्यासारखे अडकलो' हे मात्र मला पटत नाही. कोळी बिनचिकट धाग्यांवरून आरामात फिरतो. अडकतो तो कोशातला रेशीमकिडा, नाहीतर माशी.

आणि भिंतीवरचा तो पंजाएवढा कोळी? तो जाळं विणतच नाही, धावून झुरळं धरतो. चप्पल उचलू नका. वर डबा ठेवा, खालून कागद सरकवा, माडाखाली सोडा. पोटाखाली पांढरी चकती दिसली तर जरा सांभाळून, त्यात तिची अंडी असतात.