विझलेल्या दिव्याचा अर्थ

जुन्या जावा मोटारसायकलीवर, हेडलाइटच्या वरच्या अंगाला, एक बारीक लाल दिवा असतो. डायनमो बॅटरीला चार्ज करत नसला की तो लागतो. चार्जिंग सुरू झालं की विझतो. गाडी चालवणाऱ्याला एवढं पुरतं. लाल दिसलं तर थांबायचं, नाही दिसलं तर पुढे जायचं. मला प्रश्न पडतो तो यातल्या दुसऱ्या अर्ध्याचा. दिवा लागलेला नाही, म्हणजे दोष नाही, असं आपण कशाच्या बळावर म्हणतो?

या दिव्याची जोडणी अगदी साधी आहे. एका टोकाला किल्लीतून आलेली बॅटरीची वायर, दुसऱ्या टोकाला डायनमोची. इंजिन बंद असतं तेव्हा डायनमोकडून काहीच येत नाही. बॅटरीचा करंट दिव्यातून त्या बाजूला वाहतो आणि दिवा लागतो. इंजिन फिरू लागलं की डायनमोचा व्होल्टेज चढत चढत बॅटरीच्या व्होल्टेजला गाठतो. दोन्ही टोकं सारखी झाली की करंट वाहायला कारण उरत नाही. म्हणजे हा दिवा बॅटरीची तब्येत सांगत नसतो, तो फक्त दोन बाजूंमधला फरक सांगतो. शिवाय तो विझलेला असण्याची कारणं एकाहून अधिक आहेत. चार्जिंग नीट चाललं असेल. बल्ब उडाला असेल. वायर तुटली असेल. होल्डरला गंज चढला असेल. किंवा बॅटरीच इतकी उतरली असेल की दिवा लावण्याइतकाही करंट तिच्यात उरला नसेल. या पाचांपैकी एकच बातमी चांगली आहे, आणि हेडलाइटकडे बघणाऱ्याला पाचही सारख्याच दिसतात.

म्हणून जाणता मिस्त्री किक मारण्याआधी किल्ली फिरवतो आणि क्षणभर थांबतो. इंजिन बंद आहे, डायनमो थांबलेला आहे, म्हणजे चार्जिंग होत नाही हे नक्की आहे. अशा वेळी दिवा लागलाच पाहिजे. लागला, तर पुढे त्याच्या विझण्याला अर्थ आहे. नाही लागला, तर पुढचं त्याचं विझलेलं असणं कितीही सुखाचं वाटलं तरी त्यातून काहीच कळत नाही. दिल्लीत करोल बागेच्या नाईवाला गल्लीत मोटारसायकलींच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी हे मला एका वाक्यात सांगितलं होतं: “बत्ती पहले जलनी चाहिए, तभी उसके बुझने का कोई मतलब है.”

हाच मुद्दा आपल्याकडच्या दर्शनांमध्ये शेकडो वर्षं वादाचा होता. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी आणि त्यांच्या मीमांसक परंपरेने उत्तर दिलं की, न दिसणं हेही एक स्वतंत्र प्रमाण आहे. त्याचं नाव अनुपलब्धी. नैयायिकांना ते स्वतंत्र प्रमाण म्हणून मान्य नव्हतं, अभावही प्रत्यक्षानेच कळतो असं ते म्हणत. पण एका अटीवर या वाद्यांचं बरंचसं एकमत होतं. कुठलंही न दिसणं चालत नाही. ती वस्तू तिथे असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत आणि वस्तू मुळात दिसण्याजोगी हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून घडा नाही असं ठरत नाही. पिशाच दिसलं नाही, यावरून पिशाच नाही असंही ठरत नाही, हे बौद्ध नैयायिक धर्मकीर्ती सांगतात, कारण पिशाच मुळातच न दिसणारं मानलेलं. या अटीला शास्त्रात योग्यता म्हणतात. मिस्त्रींची किल्ली आणि मीमांसकांची योग्यता यांत मला काही अंतर दिसत नाही.

चिन्ह आणि दोष यांची फारकत उलट्या बाजूनेही होते: दिवा लागलेला, दोष नाही. दिल्लीत राहणाऱ्या कुणालाही याचं उदाहरण शोधावं लागत नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही एनसीआरमध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला मनाई केली. पुढे त्यावर फेरविचारही झाले. इथल्या हवेची अवस्था पाहता काहीतरी करणं भागच होतं, आणि लाखो गाड्यांचा धूर एकेक करून तपासण्यापेक्षा वय मोजणं सोपं. पण वय हे धुराचं चिन्ह आहे, धूर नव्हे. चांगली राखलेली जुनी गाडी आणि हेळसांड झालेली नवी गाडी यांच्यात हे चिन्ह चुकतं. तरीही या प्रकारच्या चुकीची मला तितकी भीती वाटत नाही. खोटा लागलेला दिवा त्रास देतो. ज्याला त्रास होतो तो भांडतो, कोर्टात जातो, बातमी होते. खोटा विझलेला दिवा कुणालाच त्रास देत नाही. त्याच्याविरुद्ध तक्रार करायला कुणी शिल्लक नसतं.

तिसरा प्रकार याहून अवघड आहे. जावाच्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, साधारण पंचवीस भागांना एक भाग. तेल टाकायचं राहिलं तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होतो. गाडीला होऊ शकणाऱ्या सगळ्यात मोठ्या इजांपैकी ही एक, आणि तिच्यासाठी या गाडीवर एकही दिवा नाही. तिथे आवाज ऐकावा लागतो, धूर बघावा लागतो, प्लग काढून त्याचा रंग पाहावा लागतो. काळा आणि ओलसर असेल तर एक अर्थ, फिकट तपकिरी असेल तर दुसरा, पांढुरका पडला असेल तर तिसरा. जिथे दिवाच बसवलेला नाही तिथली शांतता तर सर्वांत कमी भरवशाची.

हे सगळं मी यंत्राबद्दल बोलते आहे, पण माझ्या मनात हा प्रश्न आला तो घरातून.

आम्ही दिल्लीत हिंदूरावच्या जवळ, मलकागंजच्या बाजूला राहतो. टेकडीवरच्या मोठ्या रुग्णालयामुळे हे नाव दिल्लीकरांच्या तोंडी आहे. ते कुणाचं, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. हिंदूराव घाटगे हे कागलच्या घाटग्यांपैकी, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझरचा १८३५ साली खून झाला, आणि त्यानंतर टेकडीवरचा त्याचा बंगला हिंदूरावांनी घेतला. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले आणि सासूबाई कोल्हापूरहून आमच्याकडे आल्या. आल्यावर पहिल्यांदा त्या मोकळ्या हसल्या त्या या नावाला. “म्हणजे आपल्या कागलचेच की!” असं म्हणून त्यांनी ते आल्यागेल्याला सांगितलं.

सासऱ्यांची जावा त्यांच्या आधी चार दिवस पोचली होती, रेल्वेच्या पार्सलने. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनलेली. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. कोल्हापूरचं घर आवरताना आईंनी एवढी एकच वस्तू मागितली होती. बाकी भांडी, कपाटं, देवघरसुद्धा, “तुम्ही ठरवाल तसं.” गाडी इथे रस्त्यावर आणता येत नाही, पण रविवारी सकाळी आम्ही ती अंगणात चालू करतो. आई पायरीवर बसून ऐकतात. एका रविवारी म्हणाल्या, “तेल जास्त पडलंय गं. हे मापट्यानं मोजून घालायचे, तुम्ही अंदाजानं घालताय.” दुसऱ्या एका रविवारी, “आवाज फाटतोय. पॉइंट बघून घ्या.” दोन्ही वेळा त्यांचंच खरं होतं.

घरातल्या बाकी कशाबद्दल विचारलं तर उत्तर ठरलेलं: “मला काय, बरं आहे.” जेवण? बरं आहे. खोली? बरी आहे. दिल्लीची थंडी? चालतंय. आमच्या घरात स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंशी हिंदीत बोलावं लागतं, शेजाऱ्यांशी हिंदीत, डॉक्टरांशी हिंदी-इंग्रजीत. गाडीच्या बाबतीत त्यांचा अधिकार आहे, तो त्यांनी पन्नास वर्षांच्या ऐकण्यातून कमावलाय, आणि तिथे त्या बिनदिक्कत चूक दाखवतात. स्वयंपाकघरात तो अधिकार या शहराने त्यांना दिलेला नाही. म्हणजे त्यांच्या स्वभावातच तक्रार नाही, असं म्हणायची सोय राहिलेली नाही. दिवा शाबूत आहे. काही खोल्यांमध्ये त्याची वायर जोडलेली नाही.

अनुवाद हे माझं काम. बंगालीतून मराठीत. मूळ लेखकाला मराठी येत नाही, हे बहुतेक वेळा गृहीतच असतं. मसुदा पाठवून “ठीक आहे ना?” असं विचारलं की उत्तर येतं, “खूब भालो.” या होकाराला किती वजन द्यायचं? ज्याला दोष दिसूच शकत नाही, त्याला दोष न दिसणं म्हणजे अंधाऱ्या खोलीतला घडा. म्हणून या व्यवसायात काही पद्धती रुळल्या आहेत. ठीक आहे का असं विचारायचं नाही; एका वाक्याचे दोन अर्थ बंगालीत मांडून कुठला अभिप्रेत आहे ते विचारायचं. तिथे लेखकाला निवडावंच लागतं, आणि कित्येकदा तो म्हणतो, दोन्ही नव्हेत. प्रश्न असा हवा की त्याला ‘नाही’ हे उत्तर देणं सहज जमावं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. माणसांची अशी परीक्षा घ्यायची का? आमटीत मुद्दाम मीठ कमी टाकून आई बोलतात का, हे बघायचं का? मला वाटतं, नाही. यंत्राला किल्ली फिरवून विचारण्यात फसवणूक नसते. माणसाला आडून तपासण्यात असते, आणि ती कळली की होता तो दिवाही विझतो. दुसरा आक्षेप याहून खोल आहे. न बोलणं हा माणसाचा हक्क आहे. दुःख आपल्यापाशी ठेवावं, सुनेला सांगू नये, असं एखाद्या बाईने ठरवलं असेल, तर तिच्या मागे लागून ते वदवून घेणं ही काळजी नसून जबरदस्ती आहे.

दोन्ही आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. कुणाच्या गप्प राहण्याचा आदर करणं वेगळं आणि त्या गप्प राहण्यावर होकाराची सही घेणं वेगळं. पहिल्यात आपण काहीच वाचत नाही. दुसऱ्यात आपल्याला सोयीचं ते वाचतो. शांततेचा अर्थ लावून आपण काही करणार असू, कुणाचं काही विकणार, बदलणार, हलवणार असू, तर ती शांतता बोलू शकत होती का, हे दाखवण्याची जबाबदारी अर्थ लावणाऱ्यावर येते. गप्प राहणाऱ्यावर नाही.

हिंदूरावच्या त्याच टेकडीवर अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात तो मेरठहून आणला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दारूच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. १८६७ साली इंग्रजांनी ते जोडून तो पुन्हा उभा केला. त्यावर राजाज्ञा कोरलेली आहे. पण ब्राह्मी वाचणारं कुणी उरलं नव्हतं, आणि १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडेपर्यंत कित्येक शतकं लोक त्या दगडाला मुका समजून त्याच्याजवळून गेले. दगड सगळा वेळ बोलतच होता.

आमच्या घरात सध्या कोल्हापूरचं घर विकायचा विषय आहे. गिऱ्हाईक आहे, भाव बरा आहे, घर आईंच्या नावावर आहे. विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्ही म्हणाल तिथं सही करते.” नवरा आणि मी, दोघांनी मिळून ठरवलं की हे वाक्य संमती म्हणून धरायचं नाही. दिवाळीनंतर त्या चार महिने कोल्हापुरात राहणार आहेत. त्यांच्या बहिणीच्या सोबतीने, स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या भाषेत. गिऱ्हाईक थांबेल किंवा जाईल. तिथून त्या ‘विका’ म्हणाल्या तर विकू, ‘नको’ म्हणाल्या तर नाही, आणि काहीच म्हणाल्या नाहीत तर घर आहे तसंच राहील. भावात जो तोटा होईल तो आमचा.